मुरमाची वाट, तलावाची पाल

नमस्कार श्रोतेहो.

मुरमाच्या वाटेवरून सायकल जाते तेव्हा चाकाखाली एक बारीक, कोरडा आवाज होतो. चिवड्यासाठी पातळ पोहे कढईत भाजताना होतो ना, अगदी तसा. डांबरी रस्त्यावर तो नसतो. तिथं कान सगळा मागच्या हॉर्नकडे लागलेला असतो. आज मी तुमच्याशी ह्या आवाजाच्या वाटांविषयी बोलणार आहे. आपल्या इंदूरच्या आसपासच्या तलावांकाठी त्या अजून शिल्लक आहेत. त्यांवर मोटारी येऊ नयेत आणि डांबरही पडू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हिमयुगातली सरोवरं फळ्यावर शेकडो वेळा काढली, पण डोळ्यांनी पाहिली ती निवृत्तीनंतर. मुलगी बर्लिनला असते. एका सप्टेंबरात तिनं मला दोन सायकलींसकट आगगाडीत बसवलं आणि उत्तरेला वारेन नावाच्या गावी उतरवलं. गावाच्या कडेलाच म्यूरित्स सरोवर. जुन्या स्लाव भाषेतून आलेल्या ह्या नावाचा अर्थ 'छोटा समुद्र', आणि काठावर उभं राहिलं की तो पटतो. पलीकडचा किनारा नुसती एक निळसर रेघ. पूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेलं हे सर्वांत मोठं सरोवर, शंभर चौरस किलोमीटरांहून जास्त पसरलेलं.

त्याच्या पूर्वेला म्यूरित्स राष्ट्रीय उद्यान लागतं. ३२२ चौरस किलोमीटर जंगल आणि त्यात शंभराहून जास्त तळी. बर्फाच्या प्रचंड थरांनी जमीन खरवडली, वाळू आणि गोटे आणून टाकले, आणि बर्फ वितळल्यावर खळग्यांमध्ये पाणी राहिलं. हे मी शिकवलेलं होतं. शिकवलेलं नव्हतं ते हे की १९९० साली, दोन्ही जर्मनी एक व्हायच्या अगदी तोंडावर, मावळत्या पूर्व जर्मन सरकारनं जाता जाता जी निसर्गक्षेत्रं राखून ठेवली त्यांतलं हे एक. एकीकरण झालं ३ ऑक्टोबरला आणि उद्यान अस्तित्वात आलं १ ऑक्टोबरला. दोन दिवसांचं अंतर! मला हे फार मोठं वाटतं. सरकार जायला निघालेलं असताना कोणीतरी टेबलाशी बसून जंगलाचे नकाशे पुरे करत होतं.

आता वाटांविषयी. उद्यानातले बरेचसे रस्ते बाहेरच्या मोटारींना बंद आहेत. फेडेरो नावाचं एक खेडं आहे. लोक तिथं गाडी ठेवतात आणि पुढं पायी, सायकलीनं किंवा उद्यानाच्या बसनं जातात. बसमध्ये सायकलही नेता येते, म्हणजे एका बाजूनं चालवत जावं आणि दमलं की बसनं परतावं. माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या बाईला ही सोय किती धीर देते, ते काय सांगू! वाट कुठं दाबून बसवलेल्या बारीक खडीची, कुठं नुसती वाळूची. वाळूत चाक रुततं, तिथं उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. दोन्ही बाजूंना पाइनची उंच झाडं, मधेच वेतासारखी लव्हाळी, आणि लव्हाळ्यांमागं अचानक पाणी. तासभर आम्ही एकही इंजिन ऐकलं नाही. मुलगी माझ्या शेजारून चालवत होती आणि आम्ही हळू आवाजात बोलत होतो. एरवी सायकलवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं.

फेडेरोजवळ विजेच्या उंच खांबावर ऑस्प्रे पक्ष्याचं घरटं आहे. ऑस्प्रे म्हणजे जवळजवळ फक्त माशांवर जगणारा शिकारी पक्षी. त्या घरट्यावर कॅमेरा लावलाय आणि गावातल्या माहिती केंद्रात पडद्यावर पिल्लं पाहता येतात. माणूस घरट्याशी जात नाही, घरटंच माणसापर्यंत येतं. आणि शरद ऋतूत संध्याकाळी क्रौंच पक्षी हजारोंनी उथळ पाण्यात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात, तेव्हा तिथल्या वाटा सायकलवाल्यांनासुद्धा बंद. मार्गदर्शकाबरोबर, मोजक्याच लोकांनी जायचं. आम्हाला त्या दिवशी जागा मिळाली नाही. आम्ही लांबूनच त्यांचे तुतारीसारखे आवाज ऐकले आणि परत फिरलो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सायकल आवाज करत नाही म्हणून तिला सगळीकडे मुभा, असा नियम कुणी केला असता तर मात्र वाटलं असतं.

तिथं सगळ्यांच्या हातात ग्रॅव्हल बाईक. आता त्या इंदुरातल्या दुकानांतही दिसतात. शर्यतीच्या सायकलीसारखं वळलेलं हँडल, पण टायर रुंद, साधारण चाळीस मिलिमीटरचे, आणि त्यांत हवा जरा कमी ठेवायची, म्हणजे खडीचे धक्के टायरच पिऊन टाकतो. किंमत ऐकून पुष्कळांना वाटतं, हा आपला छंद नव्हे. श्रोतेहो, माझ्या वडिलांची काळी दांड्याची सायकल आठवते. अठ्ठावीस बाय दीडचा टायर. दीड इंच म्हणजे जवळजवळ चाळीस मिलिमीटरच! दूधवाले, पोस्टमन, मास्तर, सगळे ह्याच मापावर मुरूम तुडवत गावोगावी जात होते. म्हणून ज्यांच्याकडे अशी जुनी सायकल पडवीत उभी असेल त्यांनी ती काढावी, ब्रेकची रबरं बदलावीत, साखळीला तेल द्यावं. एवढ्यानं भागतं.

मुरूम हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. माळव्याच्या पोटात सगळा काळा बेसॉल्ट आहे, दख्खनच्या पठारावर आहे तोच. तो वरून कुजत, झिजत जातो तेव्हा आधी मुरूम होतो आणि शेवटी काळी माती. दोघांची जात एक, पण सायकलीला दोघं अगदी वेगळं वागवतात. काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हात भेगाळते. पहिल्या पावसानंतर तिच्यावर सायकल घातलीत तर वीस पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरेनासं होतं. मग काडी घेऊन खरवडत बसा. मुरमात पाणी खाली झिरपतं. एक उघडीप मिळाली की वाट पुन्हा चालवण्याजोगी. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये शेतातल्या गाडवाटेला जाऊ नका, तलावाच्या पालीवर जा. पाल म्हणजे तलावाचा बांध. पाळ म्हणायला हवं खरं, पण इंदुरात आपण सगळे पालच म्हणतो.

'डग डग रोटी, पग पग नीर' असं माळव्याविषयी म्हणतात. त्यातलं नीर बऱ्याच ठिकाणी माणसांनी बांधून अडवलेलं आहे. म्यूरित्सची तळी बर्फानं केली, आपली होळकरांच्या राज्यात झाली. धार रस्त्यावरचा सिरपूर तलाव घ्या. एके काळी तिथं शिकार, कचरा, अतिक्रमण, सगळं होतं. काही इंदूरकरांनी वर्षानुवर्षं मागे लागून तो वाचवला. त्यांत छायाचित्रकार भालू मोंढे यांचं नाव आदरानं घ्यायला हवं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळं रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही रामसरची पाणथळ शहरं ठरली, भारतातली पहिली दोन. सिरपूरला हिवाळ्यात कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी पाण्यावर पसरतात. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतो. तिथं मी सायकल चालवत नाही, हातात धरून चालते. माझा अनुभव असा की हळू सरकणाऱ्या माणसाला पक्षी फारसे बुजत नाहीत. तोच माणूस थांबून हात वर करून बोट दाखवायला लागला की थवा उठतो.

आता एक दुखणं सांगते. गावाबाहेरच्या एका तलावावर, नाव घेत नाही, पालीवरची मुरमाची वाट होती. फिरायला येणाऱ्यांची सोय म्हणून तिथं पेव्हर ब्लॉक बसवले गेले. हेतू चांगलाच होता. पण वाट गुळगुळीत झाली आणि महिन्याभरात तिथून मोटारसायकली जाऊ लागल्या, कारण पलीकडच्या वस्तीला तो जवळचा रस्ता पडतो. आधी खडबडीत वाटेमुळे त्यांचा वेग आपोआप कमी होता. आता सकाळी आजोबा-आजी पालीच्या कडेला सरकून उभे राहतात. आणि जिथं दर थंडीत बदकं काठाशी यायची, तिथं ती आता तलावाच्या मध्यावर बसतात.

जर्मनीत रस्त्याच्या मधोमध एक खांब रोवला की मोटार अडते. आपल्याकडे तेवढ्यानं होत नाही, कारण जिथून सायकल जाते तिथून मोटारसायकलही जाते. शिवाय गाडवाट शेतकऱ्याची आहे. त्याची बैलगाडी, त्याचा ट्रॅक्टर अडवण्याचा हक्क रविवारच्या सायकलवाल्यांना नाही, आणि तो कुणी मागूही नये. मला वाटतं, आपल्याला फाटक नको, वेळ हवी. पालीवर सूर्योदयापासून नऊपर्यंत इंजिन बंद, इतकंच ठरवावं. ज्याला पलीकडे जायचंय त्यानं तेवढा वेळ गाडी ढकलत न्यावी किंवा लांबून जावं. ज्या शहरानं ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवायची सवय घराघरांत लावून दाखवली, त्या शहराला हे जमेल. वाट दुरुस्त करायची झाली तर मुरूमच टाकावा, वर पाणी मारून रोलर फिरवावा. आणि सारस घरटी करतात त्या दिवसांत पाण्याकडची बाजू आपण सोडून द्यावी.

सारस म्हटलं की यशवंत सागर. यशवंतराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या यशवंतरावांनी, गंभीर नदीवर बांधलेलं हे धरण. इंदूरला पाणी पाजतं आणि मध्य भारतात सारसांचं मोठं आश्रयस्थान आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच हा, जवळजवळ माणसाएवढा. जोडी बांधून राहतो, आणि उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून नर-मादी दोघं आळीपाळीनं अंडी उबवतात.

मागच्या नोव्हेंबरात मी, माझी नणंद आणि शेजारच्या जोशीकाकू अशा तिघीजणी हातोदपर्यंत टेम्पोत सायकली घालून गेलो. तिथून शेतांतल्या वाटा धरल्या. गव्हाची पेरणी चालली होती. मुरमाचा तो आवाज चाकाखाली सुरू झाला आणि बोलणं आपोआप थांबलं. एका वळणावर समोरून बैलगाडी आली. आम्ही सायकली बांधावर घेतल्या. गाडीवानानं गाडी थांबवली आणि काही न बोलता चाबकाच्या काठीनं डावीकडे दाखवलं. हरभऱ्याच्या शेतात, पन्नास-साठ पावलांवर, दोन मोठे सारस आणि त्यांच्यामध्ये एक तांबूस डोक्याचं पिल्लू. बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली. सारसांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चोची खाली घालून दाणे टिपू लागले. गाडी पुढं निघून गेली तरी आम्ही तिघी तिथंच, सायकली धरून.