26 जुलै, नाशिक रोड

स्मारकाचा चौथरा माजी सैनिकांनी पहाटेच धुऊन काढला होता. आता भुरभुर पाऊस तो पुन्हा धुतो आहे. आज कारगिल विजय दिवस.

फडक्याने पदके पुसत बसलेले हे निवृत्त हवालदार तोफखान्यातले. डाव्या कानाने ऐकू येत नसल्यामुळे ते उजवा कान पुढे करूनच बोलतात. ‘ऑपरेशन विजय’चे, म्हणजे कारगिल मोहिमेचे, पदक त्यांनी सर्वांत शेवटी पुसायला घेतले आहे.

कारगिल म्हटले की शिखरावर तिरंगा फडकवणारे जवान डोळ्यांसमोर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु नाशिककरांनी तरी त्या दिवसांची आठवण खाली दरीत मांडलेल्या तोफांपासून सुरू करावी, कारण तोफखान्याचे जवान नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये घडतात आणि त्यांचे अधिकारी देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत शिकतात. 1999 च्या त्या उन्हाळ्यात 155 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफांसाठी 40 किलोंहून जड गोळे हातांनी वाहून आणले जात होते. उंचावरच्या विरळ हवेत गोळा मैदानातल्यापेक्षा लांब जातो. त्यामुळे पल्ल्याचे नेहमीचे तक्ते तिथे पुरे पडत नसत, आणि आपली तुकडी कडा चढत असताना हिशेबातली चूक परवडणारी नव्हती. गोळा नेमका कुठे पडला हे पाहून रेडिओवरून दुरुस्ती सांगणारा तोफखान्याचा अधिकारी पायदळाच्या सोबतीनेच वर चढत असे, शत्रूच्या त्याच माऱ्याखाली. द्रासमधील पॉइंट 5140 या शिखराला तोफखान्याच्या सन्मानार्थ ‘गन हिल’ हे नाव मिळाले ते 2022 मध्ये. फार उशिरा, असे आम्हाला वाटते.

‘शोक शस्त्र!’

एनसीसीच्या छात्रांच्या रायफली उलट्या होतात, नळ्या बुटांजवळ टेकतात, माना खाली जातात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही शोकधून सुरू होते. पहिला स्वर किंचित फाटतो, मग सावरतो. त्यानंतरची दोन मिनिटे रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज तेवढे ऐकू येतात. हवालदारांचा हात कपाळाशी स्थिर आहे.

कारगिलमध्ये 527 जवानांना वीरमरण आले. पुढच्या रांगेत बसलेल्या वीरमाता आणि वीरपत्नी पुष्पचक्र वाहून आपापल्या खुर्चीकडे परततात.

मौनानंतरची ‘राउज’ ही धून वाजून संपते. बिगुलवाला मुलगा बिगुल उलटा करून आत साचलेले पाणी चौथऱ्याच्या कडेला झटकतो.