परवाना दिल्लीचा, जबाबदारी राज्याची

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ५ जानेवारी १९३९ रोजी सुरू झाला. त्या वेळी निर्णय संस्थानाच्या हाती होता. आज राज्यघटनेच्या संघसूचीतील २९ व्या नोंदीनुसार हवाई वाहतूक आणि विमानतळांचे नियमन हा केंद्राचा विषय आहे. परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते आणि आपला तळ भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. मग राज्याकडे उरते काय? माझे उत्तर असे की, तळ जगेल की ओस पडेल हे ठरवणाऱ्या बहुतेक बाबी राज्याकडेच उरतात.

पहिली बाब जमिनीची. आपली धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटरपर्यंत वाढली. ती २,३०० मीटरपर्यंत न्यायची, तर मोजणी, सातबाऱ्यावरील हक्कांची छाननी, मोबदला आणि तोडलेल्या रस्त्याला पर्याय ही सारी कामे जिल्हा प्रशासनालाच करावी लागतात. ज्या शेतकऱ्याची जमीन जाते, त्याला वेळेवर आणि रास्त मोबदला मिळणे हा विमानतळाच्या कामाचाच भाग आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी बाब पैशाची. २०११ मध्ये येथील प्रवासी सेवा थांबली आणि २०१८ मध्ये लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेतून पुन्हा सुरू झाली. या योजनेत विमान कंपनीला मिळणाऱ्या तूटभरपाईतील २० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्याने उचलायचा असतो. शिवाय विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर १ टक्क्यापर्यंत खाली आणायचा, पोलीस बंदोबस्त आणि अग्निशमन सेवा विनामूल्य पुरवायची. परंतु तूटभरपाई एका मार्गाला साधारण तीनच वर्षे मिळते. ती मुदत संपण्याआधी मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील का, याचा आढावा राज्याने घ्यायला हवा.

राज्याने स्वतः उभारलेल्या तळांचा अनुभव संमिश्र आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने शिर्डीचा तळ उभा केला आणि २०१७ पासून तो चालवला. याउलट नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद हे पाच तळ २००९ मध्ये खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिले गेले. त्यांपैकी नांदेड वगळता कोठेही नियमित प्रवासी सेवा रुजली नाही. पट्टा दिला म्हणून देखरेख संपत नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब कुंपणाबाहेरची आहे. विमान नियम, १९३७ मधील ९१ व्या नियमानुसार विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात पक्षी किंवा प्राणी आकर्षित होतील अशा रीतीने उघड्यावर जनावरे कापण्यास व कचरा टाकण्यास मनाई आहे. ओढ्याच्या कडेला कोंबड्यांची पिसे आणि आतडी टाकली की घारी, कावळे आणि भटकी कुत्री जमतात. उतरणाऱ्या विमानाच्या इंजिनात घार शिरली, तर शेकडो जीव धोक्यात येतात. तो कचरा उचलण्याचे काम ग्रामपंचायतीचे आणि महापालिकेचे, म्हणजे पर्यायाने राज्याचेच आहे. त्यासाठी राज्य प्रशासनातील वरिष्ठ अधिकाऱ्यांचा सहभाग असलेली विमानतळ पर्यावरण व्यवस्थापन समिती अपेक्षित असते. या समितीची बैठक नियमित व्हावी, गांधीनगर, गडमुडशिंगी, तामगाव येथील सरपंचांना तिथे बोलवावे आणि बैठकीचे इतिवृत्त जिल्हाधिकारी कार्यालयाने नागरिकांसाठी खुले ठेवावे, अशी माझी मागणी आहे.