टेस्ट नदीकाठचा पब

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर नावाची काउंटी आहे. तिथल्या स्टॉकब्रिज गावात एका जुन्या घराच्या दर्शनी भिंतीवर वेल्श भाषेत एक ओळ रंगवलेली आहे. मुरलेलं गवत, चवदार कुरण, चांगली बिअर आणि सुखाचा बिछाना, एवढंच ती ओळ सांगते. हॅम्पशरमध्ये वेल्श भाषेचं काय काम? तर रेल्वे येण्याआधी वेल्सच्या डोंगरांतून गुरांचे मोठमोठे कळप हाकत माणसं आग्नेय इंग्लंडच्या बाजारांकडे निघायची. वाटेत टेस्ट नदी आडवी यायची. ती ओलांडायची जागा म्हणजे स्टॉकब्रिज. थकलेली गुरं, थकलेली माणसं इथे थांबायची आणि त्यांच्या आसऱ्यासाठी या गावात खानावळी उभ्या राहिल्या. पुढे रेल्वे आली, गुरं डब्यांतून जाऊ लागली, हाकणारे नाहीसे झाले. खानावळी मात्र टिकल्या, कारण तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं होतं: हातात लांब लवचीक काठी घेतलेला, ट्राउट मासा धरायला आलेला माणूस.

आज मला याच नदीकाठच्या पबविषयी बोलायचं आहे. पण त्याआधी नदी समजून घ्यायला हवी.

टेस्ट ही खडूच्या टेकड्यांतून निघालेली नदी. खडू म्हणजे फळ्यावरचा नव्हे, जमिनीखाली शेकडो फूट जाडीचा मऊ, पांढरा, सच्छिद्र दगड. हिवाळ्यात पडलेलं पाणी वरून वाहून न जाता या दगडात मुरतं, महिनोन्‌महिने आत झिरपत राहतं आणि मग झऱ्यांवाटे बाहेर येतं. त्यामुळे नदीला फारसा पूर नाही, गाळ कमी, आणि झऱ्याच्या तोंडाशी पाणी बारा महिने साधारण दहा-अकरा अंशांचं. ते इतकं नितळ असतं की तळाचा एकेक गोटा दिसतो. जगात अशा खडूच्या नद्या जेमतेम काहीशे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये. आपल्या सह्याद्रीतल्या नद्या जूनमध्ये फुगतात आणि मार्चमध्ये खडक उघडे टाकतात. ते पाहत वाढलेल्या माणसाला टेस्टचा हा एकसारखा, अविचल प्रवाह पाहून खरोखर नवल वाटतं. स्टॉकब्रिजच्या हमरस्त्याखालून या नदीचे अनेक फाटे वाहतात. पुलाच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलंत तर तोंड प्रवाहाकडे करून, शेपटी हलकेच हलवत एका जागी उभा असलेला ट्राउट तुम्हाला स्वच्छ दिसेल. अंगावर काळे आणि तांबडे ठिपके, आणि माणसांच्या रहदारीची त्याला सवय झालेली.

ट्राउट आपल्या महाराष्ट्रात नाही. त्याला गार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. भारतात तो काश्मीरमध्ये, हिमाचलात, निलगिरीत भेटतो, पण तिथेही तो मूळचा नव्हे; इंग्रजांनी आणलेला. अंडी बर्फात आणि शेवाळात बांधून जहाजाने पाठवायची, असा तो उद्योग होता. दक्षिण इंग्लंडमधल्या नद्यांतली ट्राउटची अंडी 1864 मध्ये अशीच टास्मानियापर्यंत पोचली. मुक्कामाच्या ठिकाणी घरच्या नदीतला मासा असावा, ही ओढ केवढी असेल!

ही ओढ जुनी आहे. आयझॅक वॉल्टन हा लंडनचा कापड व्यापारी. मासेमारीवरचं त्याचं पुस्तक 1653 साली निघालं, यादवी युद्धातून देश नुकता बाहेर पडत होता तेव्हा. त्यातली माणसं दिवसभर पाण्यावर असतात आणि संध्याकाळी नदीजवळच्या साध्यासुध्या बिअरच्या खानावळीत येऊन धरलेला मासा शिजवून घेतात, गाणी म्हणतात, गप्पा मारतात. म्हणजे नदी आणि पब ही जोडी साडेतीनशे वर्षांहून जुनी. वॉल्टन 1683 मध्ये स्टॉकब्रिजजवळच्या विंचेस्टर शहरात वारला. तिथल्या कॅथीड्रलमध्ये त्याची कबर आहे आणि तिच्या वरच्या रंगीत काचेच्या खिडकीत तो तिथल्याच इचेन नदीकाठी पुस्तक घेऊन बसलेला दिसतो. मासे धरणाऱ्यांनी वर्गणी काढून ती खिडकी बसवली. स्टॉकब्रिजला गेलात तर वाकडी वाट करून विंचेस्टरला जाऊन ती जरूर पाहा.

आता पबमध्ये शिरू या.

दार बहुतेक वेळा बुटकं असतं, छताच्या तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली. आत शेकोटी, दगडी किंवा लाकडी जमीन, भिंतीवर काचेच्या पेटीत पेंढा भरलेला एखादा मोठा ट्राउट आणि खाली तो कधी, कुठे धरला याची अक्षरं. चिखलाचे बूट चालतात. कुत्री चालतात, ती टेबलाखाली पसरलेली असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. टेबलाशी बसून वेटरची वाट पाहू नका, कुणी येणार नाही. काउंटरपाशी जायचं, तिथेच मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण ती असते. आपल्या आधी कोण आलं हे काउंटरवरच्या बाईच्या पक्कं ध्यानात असतं. नंबर नसताना तिने चुकून तुम्हालाच विचारलं तर शेजारच्याकडे बोट दाखवून ‘यांचा नंबर आधी’ म्हणायचं. एवढ्यावर तुम्ही त्या खोलीतले होता.

बिअरचा लाकडी दांडा ती मागे ओढते तेव्हा तळघरातल्या पिंपातून बिअर वर येते. ही जिवंत बिअर. पिंपात यीस्ट अजून काम करत असतं, वरून गॅस भरलेला नसतो. तळघर अकरा ते तेरा अंशांवर ठेवतात, म्हणजे झऱ्याच्या पाण्याहून किंचितच उबदार. आपल्याकडच्या बर्फगार बिअरची सवय असलेल्याला पहिला घोट कोमट वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला धान्याची आणि हॉप्स नावाच्या फुलांची कडसर चव कळू लागते, आणि ती थंडीने मारून टाकायची नसते हेही कळतं. एकदा पिंप उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर बिअर आंबते. छोट्या गावातल्या पबला ही अट अवघड आहे. माणसं आली तरच बिअर चांगली आणि बिअर चांगली तरच माणसं येणार. 1970 च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी ही पिंपाची बिअर जवळपास मोडीत काढली होती. 1971 मध्ये काही तरुणांनी तिच्यासाठी कामरा नावाची ग्राहक चळवळ सुरू केली आणि ती वाचवली. साध्या पिणाऱ्यांनी एकत्र येऊन एवढं करून दाखवलं, याचा मला फार आदर वाटतो.

शाकाहारी श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पिंपातली बिअर नितळ व्हावी म्हणून तिच्यात माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालण्याची जुनी पद्धत आहे. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या भोताला सोन्याचा भाव येतो, तोच हा अवयव. आता ही पद्धत न वापरणाऱ्या ब्रुअरीही पुष्कळ आहेत, तेव्हा काउंटरवर विचारा. न पिणाऱ्यांनी मुळीच संकोचू नये. जिंजर बिअर, एल्डर फुलांचं सरबत, लाइम-सोडा, काहीही मागा. पबमध्ये तुम्ही काय पिता यापेक्षा तुम्ही बसता की नाही याला महत्त्व.

मे महिन्याच्या अखेरीस हे पब सर्वांत भरलेले असतात, आणि त्याचं कारण एक किडा आहे. मेफ्लाय. नदीच्या तळच्या गाळात तो अळीच्या रूपात साधारण दोन वर्षं काढतो. मग एके दिवशी पृष्ठभागावर येतो, पंख उघडतो, कात टाकून पुन्हा एकदा रूप बदलतो, जोडीदार शोधतो, मादी पाण्यावर अंडी घालते आणि संपलं. पंख फुटल्यावर त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. हे हजारोंनी एकाच वेळी घडतं आणि एरवी अतिशय सावध असलेला ट्राउट त्या दिवसांत भान हरपून वर येऊन त्यांना गिळत सुटतो. नवशिक्यालाही मासा लागतो, म्हणून या दिवसांना तिथे नवशिक्यांचा पंधरवडा म्हणतात. चिलबोल्टनजवळ अगदी टेस्टच्या काठावर एका पबचं नावच ‘द मेफ्लाय’ आहे. बाहेरच्या बाकावर बसलं की पाणी हाताच्या अंतरावर.

इथली मासेमारी गांडूळ लावून नव्हे. पिसं, केस, रेशमी धागा यांनी गळावर बांधलेली नकली माशी काठीच्या झोक्याने, मासा उभा असेल त्याच्या जरा वरच्या प्रवाहात अलगद पाण्यावर ठेवायची. ती तरंगतीच हवी, असा मासेमारीवर लिहिणाऱ्या फ्रेडरिक हॅल्फर्ड यांचा आग्रह. 1886 च्या त्यांच्या पुस्तकाने तो जवळपास धर्म झाला. मग जी. ई. एम. स्क्यूज नावाचे लंडनचे वकील इचेन नदीवर तासन्‌तास पाहत राहिले आणि म्हणाले, मासा बराचसा पाण्याखालीच खातो, तर आपली माशीही पाण्याखाली का नको? हा वाद इतका पेटला की 1938 मध्ये, स्क्यूज ऐंशीला टेकलेले असताना, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा झाली. टेस्टच्या बऱ्याच पट्ट्यांवर आजही तरंगती माशीच, तीही प्रवाहाच्या वरच्या दिशेने, असा नियम आहे. पबमध्ये हा विषय काढून बघा. खुर्च्या जवळ ओढल्या जातात.

एका संध्याकाळी माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ येऊन बसले, गुडघ्यापर्यंत ओले. मी विचारलं, ‘मिळाला का काही?’ ‘एक मिळाला.’ ‘केवढा होता?’ ‘मोजला नाही. लगेच सोडला.’ आणि मग त्यांनी जे सांगितलं ते वजनाविषयी नव्हतंच. झाडाची सावली पाण्यावर कशी सरकत गेली, मासा कुठल्या फांदीखाली होता, दोनदा वर येऊन त्याने माशी कशी हुंगली आणि नाकारली, हे सारं त्यांनी टेबलावर बोटाने नदी काढून दाखवलं. बिअरच्या ग्लासाचं ओलं वर्तुळ म्हणजे डोह. अर्धा तास मी त्या डोहाकाठी उभा होतो.

आता खरा मुद्दा. इंग्लंडमध्ये अशा नदीतल्या मासेमारीचा हक्क काठाच्या मालकाचा असतो. टेस्टचा काठ बहुतेक खाजगी. चांगल्या पट्ट्यावर हंगामातला एक दिवस शेकडो पौंडांना पडतो. स्टॉकब्रिजच्या ग्रोव्हनर हॉटेलात 1822 साली सुरू झालेल्या हौटन क्लब या मासेमारीच्या क्लबची बैठक आहे, तिथले सभासद अगदी मोजके आणि बाहेरच्याला तिथे शिरकाव जवळजवळ नाही. काठाने मनसोक्त चालत जाईन म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी तेही जमत नाही. म्हणजे या जगप्रसिद्ध नदीशेजारी निवांत तासभर बसायचं असेल तर सामान्य माणसाला पबचा बाक हाच मोठा आधार. एका ग्लासाच्या किमतीत तो लॉर्डच्या शेजारी बसतो, पाणवनस्पती कापून आलेल्या नदीराख्याशी बोलतो, तेच पाणी पाहतो. मला या पबचं प्रेम आहे ते यासाठी. त्यातला एखादा बंद होऊन त्याचा बंगला झाला की नदीचं एक सार्वजनिक दार कायमचं लागतं.

आणि नदीही संकटात आहे. याच खडूतून शहरांच्या नळांसाठी पाणी उपसलं जातं, कोरड्या वर्षी वरचे झरे आटतात. सांडपाणी आणि शेतातली खतं पाण्यात उतरतात, गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजतात. ट्राउट अंडी घालतो ती नेमकी याच फटींत. जगात थोड्याच असलेल्या या नद्या नासवणं अक्षम्य आहे असं मला वाटतं. पबमधल्या लोकांनाही तसंच वाटतं, आणि पाण्याचे नमुने घेऊन किडे मोजणारे स्वयंसेवक त्यांच्यातच सापडतात.

जायचं कसं ते सांगतो. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून विंचेस्टरला तासाभरात गाडी पोचवते. स्टॉकब्रिजला मात्र रेल्वे नाही. तिथला मार्ग 1964 मध्ये बंद झाला. त्याच जुन्या मार्गाचा काही भाग आता टेस्ट वे नावाची पायवाट झाली आहे आणि ती चालणाऱ्यांसाठी खुली आहे. विंचेस्टरहून टॅक्सी किंवा बसने जा, पण परतीची शेवटची बस आधी पाहून ठेवा. मे-जूनमध्ये जा. जेवण वेळेत मागा: दुपारचं स्वयंपाकघर दोन-अडीचला आणि रात्रीचं नऊच्या सुमारास बंद होतं. जूनमध्ये सूर्य मावळतो सव्वानवाच्या सुमारास आणि मासे वर येतात ते नेमके त्याच वेळी. तेव्हा साडेसातला जेवून घ्या, ग्लास घेऊन बाहेरच्या बाकावर या आणि पाण्यावर गोल वलयं उठायला लागली की शेजारच्याला विचारा, कुठला किडा निघालाय आज?

नमस्कार.