सेज वरून भुरभुरायचा नसतो

तुमच्यापैकी बरेच जण सप्टेंबरात इटलीत मिलान, तोरिनो, बोलोन्याला शिकायला निघालात. तिथे पहिला महिना सगळे पास्त्यावर बाटलीतला सॉस ओतून काढतात आणि दुसऱ्या महिन्यात घरून मसाले मागवतात. म्हणून आज बोलायचंय ते तिथल्या कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळणाऱ्या ताज्या सेजबद्दल.

हे तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, भूमध्य समुद्राकाठचं झुडूप. पान लांबट, करडं-हिरवं, बारीक लव असलेलं. कच्चं चावून बघा. कापरासारखा उग्र वास येईल, जीभ कडवट होईल. चिरून वरून भुरभुरलंत तर जेवण बिघडलंच समजा. त्याचं सुगंधी तेल पाण्यात फारसं उतरत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र लगेच उतरतं. आपण कढीपत्ता फोडणीत का टाकतो, तेच कारण. एवढं कळलं की अर्धा स्वयंपाक आला.

आता उत्तर इटलीतलं रोजचं जेवण, बटर आणि सेजचा पास्ता. दोघांना २०० ग्रॅम पास्ता, ५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, आठ-दहा पानं. पास्ता उकळत्या खारट पाण्यात शिजत असताना पसरट पॅनमध्ये मंद आचेवर बटर वितळवा. आधी फेस येतो, चुरचुरतं. ते बटरमधलं पाणी उडत असतं. पानं तेव्हाच टाका, पण पुसून कोरडी केलेली, नाहीतर अंगावर उडेल. फेस बसू लागला की तळाशी दुधाचे कण बदामी होतात, खरपूस वास सुटतो आणि पानांच्या कडा वळून कुरकुरीत होतात. गॅस इथे बंद करायचा. त्या वेळी फोन आला तर घेऊ नका. अर्ध्या मिनिटात कण काळे पडतात आणि सगळं कडू होतं. पास्ता उपसण्याआधी त्याचं वाटीभर पाणी बाजूला काढा. पास्ता आणि दोन डाव पाणी पॅनमध्ये टाकून जोरात हलवा. पाण्यातल्या स्टार्चमुळे बटर वेगळं न राहता पास्त्याला धरतं. वर किसलेलं चीज.

शाकाहारी मंडळींनी इथे जरा थांबावं. यावर नेहमी किसतात ते पार्मिज्यानो रेज्यानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, बनतं. पाकिटावर ‘काल्यो वेजेताले’ लिहिलेलं दुसरं चीज शोधा, म्हणजे वनस्पतिजन्य रेनेटचं.

मांतोव्हा शहरात हेच बटर लाल भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्यावर, म्हणजे तोर्तेल्लींवर घालतात. सारणात बदामी चवीची आमारेत्ती बिस्किटं आणि मोहरीच्या झणक्याचा फळांचा मुरंबाही असतो. घरी करायला दिवस जातो. दुकानातल्या फ्रीजमधले आणा, काही मिनिटांत शिजतात.

मला स्वतःला मात्र फ्लोरेन्सकडच्या तोस्काना प्रांतातला घेवडा जास्त प्रिय. फाजोली आल्लुच्चेल्लेत्तो. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्या १८९१च्या पाककृतींच्या पुस्तकातही तो आहे. घेवड्याचे पांढरे दाणे, कान्नेल्लीनी, रात्रभर भिजवून मऊ शिजवा; वेळ नसेल तर डब्यातले चालतील. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण आणि सेजची पाच-सहा पानं परता, लसूण लाल होऊ देऊ नका. त्यात टोमॅटो, तो आटला की घेवडा आणि मिरपूड. पंधरा मिनिटं मंद आचेवर. काही दाणे डावाने चेपले की रस दाट होतो. सोबत पाव. तोस्कानातला पाव बिनमिठाचा असतो, तेव्हा घेवड्यात मीठ नीट घाला. हा प्रकार भातावरही झकास लागतो, पण फ्लोरेन्सच्या माणसासमोर तसं खाल्लंत तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

मांसाहारी असाल तर रोमचं साल्तिंबोक्का. वासराच्या मांसाच्या पातळ कापावर प्रोश्शुत्तो (डुकराच्या मांसाचा खारवून वाळवलेला काप) आणि सेजचं पान टूथपिकने टोचून बटरमध्ये परतायचं, शेवटी थोडी व्हाइट वाइन. चिकनचे पातळ काप घेतले तरी जमतं. प्रोश्शुत्तो खारट असतो, वरून मीठ नको.

आणि बाटलीतला वाळका सेज यांपैकी कशासाठीही घेऊ नका, बटरमध्ये तो जळून जातो. कुंडी घ्या, उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. इथे पुण्यात लावणार असाल तर पावसाळ्यात आडोशाला ठेवा, मुळं कुजतात. आपल्या बागांमधला लाल फुलांचा साल्व्हिया त्याच कुळातला, पण तो तोडून पॅनमध्ये टाकू नका, तो शोभेचाच.