मॉर्गन डॉलर आणि त्यांच्या डायांची ओळख

नमस्कार श्रोतेहो.

१९१८ साली हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची इतकी टंचाई झाली की, नोटांच्या बदल्यात रुपये मोजून देणे सरकारला अवघड होऊन बसले. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा संमत करून आपल्या खजिन्यात पडून असलेले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. कोणत्या वर्षाची किती नाणी मुशीत गेली, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. त्यामुळे टांकसाळीने किती डॉलर पाडले हा आकडा आज किती उरले आहेत हे सांगू शकत नाही, आणि संग्राहकाला अखेर नाण्याकडेच बारकाईने पाहावे लागते.

या डॉलरांपैकी सर्वाधिक जमवला जातो तो मॉर्गन डॉलर. इंग्लंडहून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत आलेल्या जॉर्ज मॉर्गन या कोरक्याने त्याची रचना केली. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडलेल्या या नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात नव्वद टक्के चांदी आहे. लिरॉय व्हॅन अ‍ॅलन आणि जॉर्ज मॅलिस या दोघा अभ्यासकांनी दर्शनी आणि मागील डायांच्या, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या पोलादी साच्यांच्या, जोड्या ओळखून त्यांना क्रमांक दिले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे क्रमांक ‘व्हॅम’ म्हणून प्रसिद्ध आहेत.

एकाच वर्षाच्या नाण्यांत फरक पडतो, कारण डाय तयार करताना बरेचसे काम हाताने होत असे. उठावाच्या पोलादी ठशाने डायमध्ये चित्र दाबले जाई. एका दाबात ते पुरेसे उतरत नसल्याने डाय तापवून मऊ करून पुन्हा दाबावा लागे, आणि दुसऱ्या वेळी तो केसभर जरी सरकला तरी रेषा दुहेरी उमटत. वर्षाचे आकडे आणि टांकसाळीची खूण तर प्रत्येक डायवर स्वतंत्रपणे ठोकली जाई. आपल्याकडे १८६२ साल कोरलेल्या मुंबईच्या रुपयांवरील ठिपके मोजून ते नेमके केव्हा पाडले हे ओळखणाऱ्यांना या कामाची गोडी वेगळी सांगायला नको.

पहिल्याच वर्षाचे, म्हणजे १८७८ चे फिलाडेल्फियाचे डॉलर नवशिक्याने आधी हाती घ्यावेत, असे मला वाटते. सुरुवातीच्या नाण्यांवर गरुडाच्या शेपटीला आठ पिसे होती. पुढे ती सात करण्याचे ठरले. मग आठ पिसांच्या काही तयार डायांवरच सात पिसांचा ठसा पुन्हा दाबण्यात आला. अशा नाण्यावर सात पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोके डोकावतात, आणि ती टोके किती व कोठे दिसतात यावरून डाय वेगळे ओळखता येतात. साधे दहापट भिंग आणि एका बाजूने येणारा दिव्याचा प्रकाश एवढ्यावर हे काम भागते.

दुहेरी दिसणारी प्रत्येक रेषा मात्र मोलाची नसते. आघाताच्या क्षणी डाय सैल हलला, तर अक्षराच्या कडेला सपाट पायरीसारखा भाग दिसतो. तो त्या एका आघाताचा दोष, डायचा नव्हे. डायमध्येच दुहेरीपणा असेल, तर दोन्ही प्रतिमा गोलसर उठावाच्या असतात आणि अक्षरांच्या टोकांना खाच दिसते. १८८८ च्या न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या ‘हॉट लिप्स’ या नाण्यावर दर्शनी बाजूच्या लिबर्टीचे, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचे, ओठ, नाक आणि हनुवटी नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. तसेच, नाण्यावरची उठावाची बारीक रेघ ही डायला गेलेली चीर असू शकते. खोलगट रेघ बहुधा नंतर पडलेला ओरखडा असतो.

कार्सन सिटीच्या टांकसाळीने १८९३ नंतर नाणी पाडली नाहीत. तिच्यासाठी केलेल्या मागील बाजूच्या काही डायांवर न्यू ऑर्लिन्सचा ‘ओ’ ठोकून ते १९०० साली वापरले गेले. भिंगातून पाहिले की त्या ‘ओ’च्या आसपास कार्सन सिटीची खूण असलेल्या जुन्या दोन ‘सी’चे अवशेष दिसतात.

डायांच्या अभ्यासाचा खरा कस लागला तो बारीक ‘ओ’ असलेल्या डॉलरांत. १८९६, १९०० आणि १९०२ या वर्षांचे असे डॉलर अनेक दशके दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने विकले गेले आणि त्यांना व्हॅम क्रमांकही मिळाले होते. पुढे काळजीपूर्वक ताडून पाहिले, तेव्हा तिन्ही वर्षांच्या नाण्यांच्या मागील बाजूस एकाच डायचे दोष आढळले. झिजणारा डाय सहा वर्षांच्या अंतराने असा पुन्हा अवतरणे टांकसाळीत घडण्यासारखे नव्हते. २००५ साली नाणी प्रमाणित करणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी संस्थेने ही नाणी खोटी असल्याचे जाहीर केले. चांदी स्वस्त असताना डॉलरमधील चांदीची किंमत एका डॉलरपेक्षा पुष्कळ कमी असे, त्यामुळे खऱ्या चांदीचे खोटे नाणे पाडूनही भरपूर नफा उरे. १८९९ च्या नाण्यावरचा बारीक ‘ओ’ मात्र अस्सल आहे, म्हणून केवळ अक्षराचा आकार पाहून निवाडा न करता मागील बाजूचा डाय ताडूनच पाहावा लागतो. बाकीच्या तीन वर्षांची ती नाणी जाणकार मंडळी आज खोटी म्हणूनच, पण आवर्जून जमवतात.