आधी क्रमांक, मग गाव : मॉरिशसला गेलेल्या मराठी पूर्वजांचा माग

मंडळी, मॉरिशसमधल्या मराठी घरांतून एक प्रश्न नेहमी येतो : आमचे मूळपुरुष कोकणातल्या नेमक्या कुठल्या गावचे? मार्च २०२४ मध्ये तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं त्या ओळखपत्राची) वाट मोकळी झाली आणि या प्रश्नाला कागदोपत्री निकडही आली. पण बरेचजण शोध उलट्या टोकाने सुरू करतात. आडनाव घेऊन थेट रत्नागिरी गाठतात, तलाठ्याकडे चौकशी करतात आणि रिकाम्या हाताने परततात.

कारण ते आडनाव बहुधा आडनाव नसतंच. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेला माणूस आपलं नाव सांगे, बापाचं नाव सांगे. पुढच्या पिढीची नोंद करताना बापाचं पाळण्यातलं नाव आडनावाच्या रकान्यात बसे. बाबाजी, सखाराम, विठू ही आज तिथे घराण्यांची नावं आहेत. त्यांच्यावरून कोकणात घर शोधायचं म्हणजे गावोगावचे सगळे सखाराम मोजायचे. त्यात कारकुनांची लेखणी वेगवेगळी. इंग्रजी वळणाचा ‘ऊ’साठी दोन ओ लिही, फ्रेंच वळणाचा ओ आणि यू. तेव्हा एकाच माणसाच्या नावाची चार स्पेलिंगं सापडली, तर चार माणसं समजू नका.

नाव असं निसटतं. निसटत नाही तो क्रमांक. पोर्ट लुईच्या डेपोत, आजच्या आप्रवासी घाटावर, उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. पगार, पास, लग्न, मृत्यू, सगळीकडे तो माणसाच्या मागे जाई. १८३४पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं या बेटावर आली. त्यांतली मुंबई बंदरातून गेलेली मंडळी कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडी. त्या गर्दीतून आपला माणूस वेगळा काढायचा तर हाच एक भरवशाचा धागा.

तो धागा हाती येतो मॉरिशसच्या नागरी नोंदींतून. सर्वांत अलीकडच्या माहीत असलेल्या जन्मापासून एकेक पिढी मागे चला. जन्माच्या आणि लग्नाच्या जुन्या दाखल्यांत आईबापांच्या नावांपुढे त्यांचे क्रमांक लिहिलेले आढळतात. बेटावरच जन्मलेल्याला क्रमांक नसतो. म्हणून दाखल्यात तो दिसला नाही तर निराश होऊ नका, आणखी एक पिढी मागे जा. इथे एक अडचण हमखास येते. धार्मिक विधीने लागलेलं लग्न सरकार दरबारी नोंदलेलं नसेल, तर कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हतं. मूल मग आईच्या नावावर लागे, बाप पुढे कधीतरी त्याला आपलं म्हणून नोंदवी. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात. उपाय एकच : फक्त आपल्या आजोबांचा नाही, त्यांच्या सगळ्या भावंडांचे दाखले काढा. एकात नसलेला क्रमांक दुसऱ्यात असू शकतो. आणि आजीचा क्रमांकही टिपून ठेवा. सुरुवातीला बायका कमी होत्या, त्यामुळे पुष्कळदा ती वेगळ्या जहाजाने, वेगळ्या बंदरातूनही आलेली असते.

क्रमांक मिळाला की मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जायचं. आप्रवासी भारतीयांच्या नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत. एक ओळ डोळ्यांसमोर आणा. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, मग जिल्हा, परगणा (म्हणजे तालुक्यासारखा भाग), गाव. शिवाय जहाज आणि आल्याची तारीख. प्रत्येक रकान्याचं वजन वेगळं आहे. वयावर विसंबू नका. ते वीस, पंचवीस, तीस असं गोळाबेरजेने लिहिलेलं असतं, म्हणून जन्मवर्षात पाचेक वर्षांची सूट धरा. जातीच्या रकान्यात ‘मराठा’ असेल तर ती जात असेल किंवा नुसता मुलूख किंवा भाषा, त्यावर घराणं ठरवू नये. खूण मात्र सोन्यासारखी. डाव्या भुवईवरचा व्रण दुसऱ्या कागदातही सापडला, तर माणूस एकच. १८६०च्या दशकापासून फोटोही आले. फोटो असेल तर जरूर मागा; घरच्यांसाठी त्याचं मोल कुठल्याही दाखल्याहून मोठं असतं.

अगदी सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी त्रोटक आहेत. आणि माणूस १८३४च्या आधीच बेटावर दिसत असेल तर तो गिरमिटिया नव्हेच. १८१५पासून मुंबई आणि बंगालमधून तिथे कैदी पाठवले जात, शिवाय खलाशी, कारागीर आणि गुलाम म्हणून नेलेले लोक होते. त्यांचे कागद वेगळे, त्यांना हा क्रमांक नाही.

आता गावाचा रकाना. गोऱ्या कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं नाव डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा, आणि शक्यतो मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या माणसाला ऐकवा. ‘ळ’ नेहमी ‘ल’ किंवा ‘र’ झालेला असतो. मग तालुका बघा, पण जुना. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग असे तालुके होते. नकाशावर आज ही नावं शोधाल तर किल्ले सापडतील, तालुके नाहीत. सुवर्णदुर्ग म्हणजे दापोलीकडचा मुलूख, विजयदुर्ग म्हणजे देवगडकडचा. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली, म्हणून मालवणचा माणूस ‘जिल्हा रत्नागिरी’ असाच लिहिलेला असणार. सावंतवाडी तर वेगळं संस्थान होतं. कुडाळ त्या संस्थानात, आणि दुसरं कुडाळ साताऱ्यात जावळीला! वरचा रकाना न बघता कुडाळ गाठलंत तर सह्याद्रीच्या भलत्याच अंगाला उतराल. रकान्यात नुसतं ‘मुंबई’ असेल तर ते बहुतेक वेळा जहाजात चढण्याचं ठिकाण, जन्माचं नव्हे.

गाव पक्कं झाल्यावरच इथला शोध. रत्नागिरीच्या खोती गावांत, म्हणजे जिथला सारा खोत नावाचा वतनदार गोळा करून सरकारात भरी त्या गावांत, बोटखत हा मोलाचा कागद. खोताच्या गावातली कुळं आणि त्यांच्या जमिनी त्यात मिळतात. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. ही दप्तरं माणूस मॉरिशसला गेल्यानंतरची असण्याची शक्यता जास्त, म्हणून गेलेल्याचं नाव त्यांत शोधण्यापेक्षा मागे राहिलेल्या भावाचं, पुतण्याचं शोधा. जुनी पानं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत हवा. त्याला सांगून ठेवा की ‘बिन’ या शब्दावर नजर ठेव. ‘राघो बिन सोमा’ म्हणजे सोमाचा मुलगा राघो. मॉरिशसच्या वहीतलं बापाचं नाव सोमा असेल, गाव तेच असेल आणि काळ जुळत असेल, तर तो राघो आपल्या माणसाचा भाऊ असू शकतो. ‘असू शकतो’ एवढंच लिहा. सोमा नावाचे त्या गावात आणखी किती होते ते मोजून झाल्याशिवाय वंशावळीत रेघ ओढू नका.