आंब्याच्या फळीतून युकुलेले: सहा महिने, दोन मिलिमीटर

[हातात लाकडाचे दोन पातळ तुकडे]

नमस्कार मंडळी. बोलायच्या आधी एक आवाज ऐकवते. [बोटाने ठोका] ठक्क. आता हा दुसरा तुकडा. [ठोका] हा ठक्क म्हणून गप्प बसत नाही, थोडा गुंजतो. दोन्ही तुकडे एकाच फळीचे, आंब्याच्या. पहिला 4 मिलिमीटर जाड आहे, दुसरा 2. माझं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, ज्यांनी घडवलं त्या कारागिरांनी हे तुकडे वाद्याबरोबर मुद्दाम पाठवले. आजचा व्हिडिओ या दोन ठोक्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

माझी मावसबहीण हवाई बेटांवर, होनोलुलूला असते. तिच्या घराजवळ एक गृहस्थ गॅरेजमध्ये एकटेच वाद्यं बनवतात. मी ऑर्डर दिली, आणि पुढचे सहा महिने ताई दर शनिवारी तिथे जाऊन मला व्हिडिओ पाठवत राहिली.

पहिल्या कॉलला मला वाटलं होतं, रंग विचारतील, नक्षी विचारतील. त्यांनी विचारलं, पुण्यात पाऊस किती महिने असतो? उन्हाळ्यात हवा किती कोरडी होते? कारण लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. जुलैत तबली फुगणार, एप्रिलात आक्रसणार. (सतारीच्या वरच्या फळीला आपण तबली म्हणतो ना, मी तोच शब्द वापरते.) कडेने चिकटवलेली असल्यामुळे आक्रसायला जागा मिळाली नाही, की ती तडकते. म्हणून आतल्या आधाराच्या पट्ट्यांना अगदी हलकी कमान देतात. हवा कोरडी झाली की ती कमान थोडी बसते आणि फळी वाचते.

लाकडाचं म्हणाल तर मी कोआ मागणार होते. तो फक्त हवाईतच उगवतो आणि युकुलेलेचं जुनं लाकूड तेच. पण त्यांनी आंबा दाखवला. आमच्या रत्नागिरीच्या घरी आंब्याचं लाकूड म्हणजे खोकी आणि सरपण! ही फळी मात्र सोनेरी, मध्ये हिरवट झाक, आणि शाईने ओढल्यासारख्या काळ्या रेघा. या रेघा बुरशीच्या. पडलेल्या ओल्या खोडात बुरशी शिरते, तिच्या हद्दी अशा उमटतात. वेळेत वाळवलं तर सौंदर्य, उशीर झाला तर भुसा. आंबा हवाईत गेला एकोणिसाव्या शतकात, बाहेरून.

आणि युकुलेलेचं मूळही बाहेरचंच. 23 ऑगस्ट 1879 रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर कामाला आलेली 400 हून जास्त माणसं त्यात होती. त्यांत फर्निचर बनवणारे तीन सुतार होते: मानुएल नुनेस, औगुस्तो दियस आणि जोझे दो इस्पिरितु सांतु. मदेइराचं चार तारांचं छोटं वाद्य त्यांनी तिथल्या कोआमध्ये घडवायला घेतलं, हवाईच्या राजा कालाकाउआने त्याला दरबारात मान दिला, आणि बघता बघता ते हवाईचं झालं. सुताराच्या रंध्याखाली जन्मलेलं वाद्य आहे हे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता ही क्लिप बघा.

[क्लिप: बाजूची पट्टी वाकवताना]

हा आतून तापवलेला पाइप. पट्टी जेमतेम 2 मिलिमीटर. पाणी शिंपडायचं, पाइपवर टेकवायची आणि थांबायचं. हात बघा, जोर लावत नाहीत. चुर्र करून वाफ उठते, आणि मग एका क्षणी लाकूड आपणहून सैल पडतं, ओल्या वेतासारखं वळतं.

आणि इथे... ऐकलंत? कट्. कंबरेच्या वळणावर चीर गेली. नागमोडी रेषांचं लाकूड देखणं असतं, पण त्याचे रेषे फळीच्या पृष्ठभागावर मध्येच तुटलेले असतात, आणि वाकवताना तिथेच घात होतो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या लागोपाठ कापलेल्या, रेघा आरशासारख्या जुळाव्यात म्हणून. त्यामुळे आधी छान वाकलेली पट्टीही बाद. दोन आठवडे गेले. त्यांनी न बोलता नवी जोडी कापायला घेतली. मला मात्र रात्रभर चुटपुट लागली होती.

पुढचं चिकटवण्याचं काम भराभर सांगते. बाजू आणि तबली जिथे भेटतात तिथे आतून खाचा पाडलेली एक पट्टी लावतात, सरसाला धरायला जागा मिळावी म्हणून. ती वाळेपर्यंत दाबून कशाने धरली होती? कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी. मोजले मी, 46.

पण खरं काम तबलीचं. रंधा, मग धारदार पत्र्याने खरवडणं. दोन-चार हात मारले की थांबायचं, फळी कोपऱ्यापाशी दोन बोटांत लोंबती धरायची, ठोकायची, कान द्यायचा. तीन शनिवार हेच चाललं होतं. मी विचारलं, 2 मिलिमीटर हा आकडा ठरलेला आहे, तर सरळ मोजून का नाही तासत? ते म्हणाले, आकडा नंतर कळतो. प्रत्येक फळीचा कडकपणा वेगळा. जाड ठेवली तर तिला हलवण्याइतका जोर या तारांत नाही, चौघींचा मिळून ताण 15 ते 20 किलो. फार पातळ केली तर घोडीमागे, म्हणजे तबलीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीमागे, फुगवटा येतो, आवाज पोकळ होतो. कारखान्यात प्रत्येक फळी अशी ऐकायला वेळ कुठला? तिथे सगळ्यांना एकच जाडी, आणि मोडू नये म्हणून थोडी जास्तच. स्वस्तातलं युकुलेले दबकं का वाजतं, त्याचं एक मोठं कारण हे.

तारा बोटांनी दाबायच्या त्या पडद्यांच्या पट्टीवर, ही शिसवीची बरं का, कानाचं काही चालत नाही. तिथे निव्वळ गणित. तारेची वाजती लांबी 432 मिलिमीटर. तिला 17.817 ने भागा, साधारण 24 येतात, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागा, दुसरा. असं करत बारावा येतो बरोबर अर्ध्यावर, 216 ला.

पार्सल आलं तेव्हा तारा नव्या होत्या. नव्या तारा ताणत राहतात, आठवडाभर सारख्या उतरतात. रोज सकाळी खुंट्या पिळायच्या. आज आठवा दिवस, आज पहिल्यांदा रात्रभर सूर टिकला.

वाजवण्याआधी एवढं लक्षात घ्या, गिटारची सगळ्यात वरची तार खर्जाची असते, याची नसते. दुसऱ्या तारेला सा धरा. मग वरून खाली येतात प, सा, ग, ध, सगळे एकाच सप्तकात. म्हणून कानाला हे वाद्य सतत वर उडी मारल्यासारखं वाटतं.

[युकुलेले हातात घेऊन, एकेक तार छेडत]

प. सा. ग. ध.